मेटाडेटा सर्व्हर कोसळतो तेव्हा

पुणे-बेंगळुरू महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर असलेले शिरवळ हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील औद्योगिक वसाहतीचे गाव. येथील एखादी जमीन विकली गेली, तिच्या वाटण्या झाल्या किंवा ती बिनशेती झाली, तरी जमीन जागची हलत नाही. बदलते ती महसुली दप्तरातील नोंद. खातेदार कोण, क्षेत्र किती, हे सातबाराच्या उताऱ्यावरून कळते. समजा, एके दिवशी हे दप्तरच बंद पडले, तर शिवारातील एक गुंठाही नाहीसा होणार नाही. मात्र कोणता गुंठा कोणाचा, हे सांगता न आल्याने सारे व्यवहार ठप्प होतील.

शेकडो संगणकांवर माहिती साठविणाऱ्या आधुनिक यंत्रणांत नेमके असेच घडू शकते. अशा यंत्रणेला वितरित साठवण प्रणाली म्हणतात. तिच्यातील प्रत्यक्ष माहिती अनेक यंत्रांच्या डिस्कवर विखुरलेली असते. फाइलचे नाव, ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, तिचा आकार, मालकी आणि वापराचे अधिकार या ‘माहितीविषयीच्या माहिती’ला मेटाडेटा असे नाव आहे. ती सांभाळणारा संगणक म्हणजे मेटाडेटा सर्व्हर. तो कोसळला की डिस्क धडधाकट असूनही एकही फाइल उघडत नाही. अशा वेळी माहिती बहुधा सुरक्षित असते. ती खऱ्या अर्थाने धोक्यात येते ती घाईघाईने केलेल्या दुरुस्तीमुळे.

वेगळ्या दप्तराची गरज

पुणे परिसराला महासंगणन नवे नाही. प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना पुण्यात १९८८ साली झाली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. ‘अर्क’ची गणनक्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आणि साठवणक्षमता ३३ पेटाबाइट इतकी आहे. एवढी माहिती ४ मेगाबाइटच्या तुकड्यांत विभागली, तर सुमारे ८०० कोटी तुकडे होतील. पावसाच्या अंदाजासारख्या कामात हजारो प्रोसेसर एकाच वेळी फाइली वाचत व लिहीत असतात. प्रत्येक प्रोसेसर माहितीच्या वाटेतच नाव-पत्ता विचारीत बसला, तर काम पुढे सरकणार नाही. म्हणून अनेक प्रणालींत पत्ता विचारण्याची खिडकी वेगळी आणि माल उचलण्याचे गोदाम वेगळे ठेवलेले असते.

गूगलने २००३ साली आपल्या फाइल प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात माहितीचे ६४ मेगाबाइटचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या सहसा तीन प्रती ठेवल्या जात आणि सगळ्यांची नोंद एकच मुख्य सर्व्हर आपल्या स्मृतीत बाळगी. एका तुकड्यामागे त्याला ६४ बाइटपेक्षाही कमी नोंद पुरत असे. हडूप प्रणालीतील ‘नेमनोड’ याच धर्तीवर घडला. महासंगणकांत प्रचलित असलेल्या ‘लस्टर’मध्ये मेटाडेटा सर्व्हर स्वतंत्र असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत सेज वाइल यांच्या संशोधनातून जन्मलेल्या ‘सेफ’ प्रणालीत माहितीचा तुकडा कोणत्या डिस्कवर आहे, हे गणिताने काढता येते. तरीही फाइलींची नावे व फोल्डरांची उतरंड सांभाळण्यासाठी तेथेही मेटाडेटा सर्व्हर लागतोच. या लेखातील तपशील मुख्यतः ‘सेफ’ला लागू असले, तरी निदानाची तत्त्वे सर्वत्र सारखीच आहेत.

जर्नल म्हणजे फेरफार नोंदवही

महसुली कामकाजात जमिनीचा व्यवहार थेट सातबारावर चढत नाही. तो आधी फेरफार नोंदवहीत लिहिला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि नंतरच उतारा बदलतो. मेटाडेटा सर्व्हरचीही रीत जवळजवळ हीच आहे. फाइल निर्माण झाली, नाव बदलले किंवा फाइल पुसली गेली, की ती घटना प्रथम ‘जर्नल’ नावाच्या क्रमवार नोंदवहीत लिहिली जाते. मुख्य तक्त्यांत ती सवडीने उतरविली जाते. मधल्या काळात सर्व्हर बंद पडला, तर त्याची जागा घेणारा दुसरा सर्व्हर जर्नल पहिल्यापासून वाचून अपुरी कामे पूर्ण करतो.

‘सेफ’मध्ये जर्नल आणि मुख्य तक्ते मेटाडेटा सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर नसतात. तेही साठवण समूहातच, एकाहून अधिक प्रतींमध्ये ठेवलेले असतात. त्यामुळे मेटाडेटा सर्व्हरचे यंत्र जळून खाक झाले, तरी दप्तर शाबूत राहते. कारकून बदलला, एवढाच त्याचा अर्थ. हे ध्यानात ठेवले, तर आणीबाणीच्या क्षणी निम्मी घबराट कमी होते.

कोसळण्याची कारणे

पहिले आणि नेहमीचे कारण स्मृतीचे. मेटाडेटा सर्व्हर वेगासाठी नोंदी स्मृतीत ठेवतो आणि छोट्या फाइलींची संख्या वाढली की हा भार बेसुमार फुगतो. हडूपमध्ये प्रत्येक फाइल व प्रत्येक तुकडा यांसाठी सुमारे १५० बाइट लागतात, असा ठोकताळा आहे. एक टेराबाइट माहिती १२८ मेगाबाइटच्या फाइलींत ठेवली, तर सुमारे आठ हजार फाइली होतात आणि नोंदींना अडीच मेगाबाइट पुरतात. तीच माहिती १०० किलोबाइटच्या फाइलींत ठेवली, तर एक कोटी फाइली होतात आणि नोंदींना तीन गिगाबाइट लागतात. साठा तेवढाच, पण दप्तराचे ओझे हजारपटीहून अधिक.

दुसरे कारण ग्राहक संगणकांचे. फाइल वापरणाऱ्या संगणकाला सर्व्हर तिचा परवाना देतो आणि गरज संपल्यावर परत मागतो. जुने सॉफ्टवेअर असलेला किंवा अडकून पडलेला संगणक परवाने परत करीत नाही. मग सर्व्हरला त्या नोंदी स्मृतीतून काढता येत नाहीत. एकाच ग्राहकाचा हट्ट सबंध समूहाला भोवू शकतो.

तिसरे कारण खालच्या थरातील मंदपणाचे. मेटाडेटा ज्या डिस्कवर आहे त्या भरल्या किंवा संथ झाल्या, की जर्नलमधील नोंदी मुख्य तक्त्यांत उतरत नाहीत आणि जर्नल लांबत जाते. चौथे कारण खोट्या मृत्यूचे. ‘सेफ’मधील मेटाडेटा सर्व्हर दर चार सेकंदांनी आपण जिवंत असल्याचा संदेश पाठवितो. मूळ मांडणीत १५ सेकंद संदेश न आल्यास देखरेख करणारे संगणक त्याला गैरहजर मानून राखीव सर्व्हरला पाचारण करतात. कामात बुडालेला सर्व्हर अशा रीतीने जिवंतपणीच मृत ठरतो.

पाचवे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. दोन नोंदी परस्परविरोधी आढळल्या, तर प्रोग्राम पुढे जाण्याऐवजी स्वतःहून थांबतो. बाहेरून ही क्रिया कोसळल्यासारखीच दिसते, पण तिच्यामागे सावधगिरी असते. फेरफारातील मजकूर कागदपत्रांशी जुळत नसेल, तर जबाबदार अधिकारी त्यावर सही करीत नाही, तसाच हा प्रकार. त्याला बळजबरीने सही करायला लावणे हाच खरा धोका होय.

निदानाचा क्रम

प्रथम खालचा थर तपासावा. सर्व डिस्क हजर आहेत काय, मेटाडेटाचे कप्पे भरले आहेत काय, नेटवर्क सुरळीत आहे काय, सर्व यंत्रांची घड्याळे जुळतात काय, हे पाहावे. पाया खचलेला असताना मेटाडेटा सर्व्हर वारंवार सुरू करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर सर्व्हर कसा थांबला, हे शोधावे. लिनक्सच्या नोंदीत स्मृती संपल्यामुळे प्रक्रिया मारल्याचा उल्लेख असेल, तर दोष स्मृतीचा आहे. सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदीत एखादी अट मोडल्याचा व त्या क्षणी चालू असलेल्या कार्यांचा तपशील असेल, तर दोष नोंदींत किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. यांपैकी काहीच नसेल आणि केवळ संदेश उशिरा पोहोचल्याचे दिसत असेल, तर तो खोटा मृत्यू समजावा. सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी या नोंदी बाजूला काढून ठेवाव्यात. नंतर त्या हजारो नव्या ओळींखाली गाडल्या जातात.

तिसरी पायरी म्हणजे सर्व्हर कोणत्या टप्प्यावर पडतो, हे पाहणे. सूत्रे हाती घेणारा सर्व्हर आधी जर्नल वाचतो, मग जुन्या ग्राहकांशी संपर्क साधतो, त्यानंतर परवान्यांचा मेळ घालतो आणि शेवटी कामाला लागतो. जर्नल वाचताना स्मृती हळूहळू वाढत जाऊन तो पडत असेल, तर जर्नल फार लांबले आहे. अशा वेळी यंत्राची स्मृती तात्पुरती वाढविणे आणि गैरहजेरीची मुदत सैल करणे, एवढ्यावरही काम भागते. मुदत न वाढविल्यास अर्धे जर्नल वाचून झालेला सर्व्हर हटविला जातो, दुसरा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो आणि हे चक्र संपतच नाही. ग्राहकांशी संपर्क साधताना तो पडत असेल, तर ग्राहक संगणक काही काळ दूर ठेवून सर्व्हरला आधी स्थिर होऊ द्यावे.

राखीव सर्व्हरचे वर्तनही बोलके असते. एक यंत्र पडले आणि दुसरे सुरळीत चालले, तर दोष पहिल्या यंत्रात. मात्र एकामागून एक सगळे राखीव सर्व्हर नेमक्या त्याच ठिकाणी कोसळले, तर दोष सर्वांनी वाचलेल्या त्याच नोंदीत किंवा ती हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. येथे आणखी यंत्रे जोडून काहीही साधत नाही. सॉफ्टवेअरमधील हा दोष पुढील आवृत्तीत दुरुस्त झाला आहे काय, हे आधी पाहावे.

घाईची किंमत

या टप्प्यावर सेवा बंद, वरिष्ठांचे दूरध्वनी सुरू आणि हाताशी एक सोपा आदेश, अशी परिस्थिती असते. तो आदेश जर्नल कोरे करण्याचा. त्याने सर्व्हर पुष्कळदा सुरू होतो, ही गोष्ट खरी. परंतु फेरफार नोंदवहीची अप्रमाणित पाने फाडून टाकल्यासारखेच ते आहे. जे व्यवहार सातबारावर चढायचे होते, ते कायमचे नाहीसे होतात. नव्या फाइलींची नावे हरवतात, पुसलेल्या फाइली परत दिसू लागतात. सर्वांत वाईट म्हणजे, तक्ते आणि वस्तुस्थिती यांतील विसंगती त्या दिवशी दिसत नाही. आठवड्यांनंतर एखादा फोल्डर उघडताना ती प्रकट होते. तोवर त्या चुकीच्या नोंदींवर नव्या नोंदींचे थर चढलेले असतात.

म्हणून कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जर्नलची प्रत काढून ती समूहाबाहेर ठेवणे, हा अलिखित नव्हे तर ‘सेफ’च्या अधिकृत मार्गदर्शनातच लिहिलेला नियम आहे. प्रत घेतल्यावर जर्नलमधील वाचता येण्याजोग्या नोंदी आधी मुख्य तक्त्यांत उतरवाव्यात. जर्नल कोरे करण्याचा विचार त्यानंतरच, आणि तोही जाणकारांच्या सल्ल्याने करावा.

मुख्य तक्तेच खराब झाले असतील, तर शेवटचा उपाय शिल्लक राहतो. ‘सेफ’मध्ये प्रत्येक फाइलच्या पहिल्या तुकड्याबरोबर तिच्या नावाची व फोल्डरची खूण ठेवलेली असते. समूहातील एकूण एक तुकडा तपासून त्या खुणांवरून दप्तर नव्याने उभारता येते. गावाचे दप्तर नष्ट झाल्यावर भूमापकाने हद्दीच्या दगडांवरून सगळ्या शिवाराची फेरमोजणी करावी, तसेच हे काम. साठा मोठा असेल, तर त्याला दिवसच्या दिवस लागतात. ज्यांचे घर सापडत नाही, अशा फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये गोळा होतात आणि त्यांची ओळख माणसालाच पटवावी लागते.

पूर्वतयारी

किमान एक राखीव मेटाडेटा सर्व्हर असावा, हे उघडच आहे. हडूपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत नेमनोड एकटा होता आणि तो पडला की सारे थांबे. दुसऱ्या पिढीत त्याला जोडीदार मिळाला. ‘सेफ’मध्ये २०१७ पासून एकापेक्षा अधिक मेटाडेटा सर्व्हर एकाच वेळी भार वाटून घेऊ शकतात. मात्र जुना सर्व्हर पडला असे समजून नवा काम करू लागला आणि जुनाही अजून लिहीतच राहिला, तर एका नोंदवहीत दोन कारकुनांचे हात पडतात. म्हणून नव्याला सूत्रे देण्यापूर्वी जुन्याचा लेखणीचा अधिकार काढून घेण्याची व्यवस्था अशा प्रणालींत केलेली असते. ती बंद करून ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

याशिवाय मेटाडेटा वेगवान डिस्कवर ठेवावा, छोट्या फाइली शक्य तेथे एकत्र बांधाव्यात आणि जर्नल लांबू लागल्याच्या तसेच परवाने परत न आल्याच्या सूचनांकडे दुर्लक्ष करू नये. अनेकदा कोसळण्याच्या बऱ्याच आधी यंत्रणा हे इशारे देत असते. आणि राखीव सर्व्हर किंवा अनेक प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीची नोंद सर्व प्रतींमध्ये तितक्याच इमानाने उतरते. मूळ माहितीची वेगळी प्रत वेगळ्या यंत्रणेत असणे आणि ती अधूनमधून प्रत्यक्ष उघडून पाहणे, याला पर्याय नाही.

रुग्णालयातील तपासण्यांच्या प्रतिमा असोत, बँकेचे व्यवहार असोत किंवा मोसमी पावसाच्या अंदाजासाठी लागणाऱ्या नोंदी, सामान्य नागरिकाला यांतला मेटाडेटा सर्व्हर कधी दिसत नाही. ‘यंत्रणा बंद आहे’ एवढेच त्याच्या कानी पडते. त्या बंद खिडकीमागे बसलेल्या तंत्रज्ञाला तासभर अधिक मिळाला, तर तो आधी नोंदी वाचतो, प्रत काढतो आणि मगच दुरुस्तीला हात घालतो. तो तास देण्याचा निर्णय वरिष्ठांचा असतो. वर्षानुवर्षे जमविलेली माहिती पुष्कळदा त्याच निर्णयावर वाचते.