नामनिर्देशनपत्रातील रकाना

साहित्याच्या अभ्यासकांना नगरपालिकेचे ठराव, अर्जांचे नमुने, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचे शेरे ही वाचनाची सामग्री वाटत नाही. वस्तुतः समाज कोणाला ‘व्यक्ती’ म्हणून मोजतो, हे कळण्यासाठी कादंबरीइतकेच हे कागद उपयोगी पडतात. तृतीयपंथीयांना स्थानिक स्वराज्य संस्थांत सामावून घेण्याच्या धोरणाची चर्चा अलीकडे बरीच होते. त्या चर्चेत अनुदान, प्रसाधनगृहे, नोकऱ्या हे विषय येतात आणि ते यायलाच हवेत. आम्हांला येथे त्यामागच्या एका जुन्या प्रश्नाकडे वळायचे आहे: अर्जावरचा लिंगाचा रकाना भरण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न इंग्रजी अमलाआधी निदान या स्वरूपात पडत नव्हता. मराठी राज्यात, दख्खनच्या काही भागांत, हिजड्यांना भिक्षेचा हक्क सनदेने मिळालेला होता. कोठे रोख नेमणूक होती, कोठे जमीनही. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ मध्ये मुंबई इलाख्याच्या दप्तरांच्या आधारे या हक्कांचा शोध घेतला. त्यातून दिसते ते असे, की गावाच्या व्यवस्थेत जोशी-गुरवांप्रमाणे हिजड्यांचेही एक स्थान होते. ते मानाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. भिक्षा हा हक्क असला तरी ती भिक्षाच. पण हक्क मोडला तर दाद मागता येत होती, आणि दाद मागणारा कोण, हे सरकार जाणत होते.

कंपनी सरकारला या सनदांची अडचण वाटू लागली. इनामांच्या चौकशीसाठी १८५२ चा ११ वा कायदा आला. कायद्याला वा सार्वजनिक सभ्यतेला बाध आणणारे इनाम पुढे चालू ठेवू नये, असे तत्त्व त्यात होते. हिजड्यांचे हक्क या ‘सभ्यते’च्या कात्रीत सापडले. शिवाय त्यांचा वारसा गुरूकडून चेल्याकडे जाणारा. रक्ताचा वारस शोधणाऱ्या दप्तराला तो समजणे कठीणच होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. त्याच्या दुसऱ्या भागात संशयित ‘नपुंसकां’ची नोंदवही, स्त्रीवेषास व सार्वजनिक नाचगाण्यास बंदी, दत्तक घेण्यास व मृत्युपत्र करण्यास मनाई अशी कलमे होती, आणि १९११ च्या नव्या कायद्यात तो भाग उरला नाही. मात्र हा कायदा आरंभी उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता. आपल्याकडचे काम त्याआधीच इनामाच्या कारकुनीने बरेचसे उरकले होते. दंडुक्याचा इतिहास लिहिला जातो, कारकुनीचा सहसा राहून जातो.

आता एकदम शंभर-सव्वाशे वर्षे पुढे येऊ. ७४ व्या घटनादुरुस्तीने (ती १ जून १९९३ रोजी अमलात आली) नगरपालिकांत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. सुधारणा मोठीच. पण राखीव जागेमुळे लिंगाचा रकाना, जो पूर्वी निव्वळ माहितीचा होता, तो पात्रतेचा झाला. याचा पहिला गाजलेला बळी मध्य प्रदेशातील कटनी येथे दिसतो. कमला जान या हिजडा उमेदवार २००० च्या सुमारास तेथील महापौरपदी निवडून आल्या. जागा स्त्रियांसाठी राखीव होती. लोकांनी मते दिली, कारभार सुरू झाला, आणि २००२ मध्ये न्यायालयाने निवड रद्द केली. २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार पुरुष, हा त्यामागचा आधार. मतदारांनी कोणाला निवडले हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोणीच म्हटले नव्हते, हे येथे नोंदवले पाहिजे.

निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मतदारयादीत ‘इतर’ अशी नोंद करण्याची मुभा दिली. २०११ च्या जनगणनेत या सदरात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्ती नोंदल्या गेल्या. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. २०१९ च्या कायद्याने मात्र तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रातून वळवला, आणि स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेची अट घातली. दरम्यान २०१५ मध्ये रायगढच्या महापौरपदी मधू किन्नर अपक्ष म्हणून निवडून आल्या, २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळने ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केले. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक व ‘ग्रीन मार्शल’ म्हणून कामावर घेतले. ही सारी उदाहरणे आनंदाची आहेत. पण धोरणाची खरी कसोटी आम्हांला जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक या गावी लागलेली दिसते.

२०२० च्या डिसेंबरअखेर तेथील ग्रामपंचायतीसाठी अंजली गुरू संजना जान यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. तो फेटाळला गेला. २ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ‘नालसा’चा आधार घेत त्यांना निवडणूक लढवण्याची परवानगी दिली, आणि त्या निवडूनही आल्या. कटनी ते भादली हे अठरा वर्षांचे अंतर खरोखर मोठे आहे. तथापि निकालातील एक तपशील आम्हांला अस्वस्थ करतो. आपण कायम स्त्री म्हणूनच राहू, पुढे संधी साधण्यासाठी पुरुष म्हणून नोंद करणार नाही, अशा आशयाचे याचिकाकर्त्यांचे निवेदन न्यायालयाने नोंदवून घेतले. राखीव जागेचा गैरवापर होऊ नये ही काळजी समजण्यासारखी आहे. ‘सरपंच-पती’ ही संस्था ज्या राज्यात सर्वांना परिचित आहे तेथे तर ती अधिकच समजावी! पण पतीच्या नावे सही करणाऱ्या उमेदवाराला अर्जाच्या वेळी असे आयुष्यभराचे निवेदन कधी द्यावे लागले नाही.

‘तृतीयपंथी’ या शब्दातला ‘पंथ’ म्हणजे मार्ग. चालणारा तो निवडतो, असा अर्थ आपल्या भाषेने त्यात ठेवला आहे. व्याकरणात तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठीत ‘सदस्य’, ‘सरपंच’, ‘सभापती’ या पदनामांवर स्त्रीप्रत्यय सहसा लागतच नाही. नगरपालिकांनी धोरण करताना नव्या रकान्याची छपाई आधी हाती घ्यावी, की जुना रकाना तपासणाऱ्या कारकुनाला दिलेल्या सूचना, यावर अध्यापक-विद्यार्थ्यांनी वर्गात भादलीचा तो निकाल एकदा शब्दशः वाचून वाद घालावा, असे आम्हांला वाटते.