मसूर स्टेशन, १९०१

सातारच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आहे. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००. दुसरं साधन डॉ. आंबेडकरांच्याच हातचं: ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही आठवणींची संहिता. ती पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली प्रसिद्ध केली.

आठवणींत साताऱ्याहून वडिलांकडे केलेल्या प्रवासाचं साल १९०१ आहे आणि वय नऊ. १४ एप्रिल १८९१ ही जन्मतारीख धरली तर ते तेव्हा दहा वर्षांचे होते. वडील दुष्काळी कामावरच्या तलावावर खजिनदार होते. त्या गावाचं नाव छापील संहितेत खटाव तालुक्यातलं ‘कोरेगाव’ असं आहे. चरित्रकार धनंजय कीर गोरेगाव म्हणतात. कीरांचं मला पटतं. कोरेगाव साताऱ्याजवळच आहे. तिथं जाणारा माणूस पार मसूरला उतरणार नाही.

भिवा आणि त्याच्याबरोबरची घरातली पोरं नवे कपडे घालून संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरली. घ्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची वाटली. ‘महार’ हे उत्तर ऐकताच ते मागे सरले. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान गाडीत बसेना; गाडी पोरांनी हाकली, तो चालत राहिला. डब्यात जेवण भरपूर, पण प्यायला पाणी नाही. वाटेतलं पाणी शेणामुताच्या वासाचं. मध्यरात्री जकात नाक्यावर मुसलमान असल्याचं सांगूनही पाणी मिळालं नाही. पाण्यावाचून पोरं उपाशीच झोपली. दुसऱ्या दिवशी पोचल्यावर कळलं, येत असल्याचं पत्र वडिलांच्या नोकरानं त्यांना दिलंच नव्हतं.

पत्र मिळालं असतं तर ही रात्र टळली असती. शाळेतली तहान मात्र टळली नसती. तिथं त्यांना नळाला हात लावता येत नव्हता. शिपाई असेल तरच पाणी मिळे.

मी शाळेत असताना माठातून पाणी घ्यायला कधी कुणाला विचारलं नाही. ही पानं वाचताना तेच मला बोचतं. वयातल्या वर्षाचा आणि गावाच्या नावाचा घोळ आपण सोडवावा, जरूर सोडवावा. पण स्टेशनमास्तर, गाडीवान आणि नाकेदार यांची वागणूक ही अपवादात्मक क्रूरता नव्हती, ती रोजची रीत होती. त्या रीतीचा फायदा आपल्या घराला किती पिढ्या मिळाला, हा शोध माझ्यासारख्या वाचकानं आपल्या घरापासून सुरू केला पाहिजे.