राऊत, पूनम
(१४ ऑक्टोबर १९८९ – ). भारतीय महिला क्रिकेट संघाची सलामीची व मधल्या फळीतील उजव्या हाताने खेळणारी फलंदाज. जन्म मुंबई येथे सामान्य आर्थिक स्थितीच्या कुटुंबात. वडील व्यवसायाने वाहनचालक होते. बोरिवली येथे संजय गायतोंडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिने फलंदाजीचे शिक्षण घेतले. पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर उत्तरेस पालघर व बोईसर-तारापूर हा परिसर असून, पालघरचा कसोटीपटू शार्दूल ठाकूर हाही बोरिवलीतील शाळेतूनच पुढे आला. मुलांना शालेय स्पर्धांची जुनी परंपरा लाभलेली होती. मुलींना मात्र तशी वाट नव्हती. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली व २००६ मध्ये ती भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. मधल्या काळात रेल्वेतील नोकरी हाच अनेक खेळाडूंचा मुख्य आधार होता. पूनम मुंबई व रेल्वे या दोन्ही संघांकडून खेळली.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये तिचा प्रवेश २००९ मध्ये झाला. एक बाजू लावून धरणे व जोडीदाराला मोकळेपणाने फटके मारू देणे, हे तिच्या खेळाचे मुख्य लक्षण होय. त्यामुळे तिच्या उत्तम खेळी बहुधा मोठ्या भागीदारींत आढळतात. २०१३ च्या विश्वचषकात वेस्ट इंडीजविरुद्ध तिने ७२ धावा केल्या व तिरुष कामिनीबरोबर सलामीस १७५ धावांची भर घातली. २०१४ मध्ये म्हैसूर येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटी सामन्यात तिने १३० धावा काढल्या. दुसऱ्या गड्यासाठी कामिनी (१९२) व तिने २७५ धावा जोडल्या आणि भारताने डावाने विजय मिळविला. १५ मे २०१७ रोजी पॉचेफस्ट्रूम येथे आयर्लंडविरुद्ध दीप्ती शर्मा (१८८) व पूनम (१०९, जखमी होऊन निवृत्त) यांनी सलामीस ३२० धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील तीनशे धावांवरील ही पहिलीच भागीदारी होय.

त्याच वर्षीच्या इंग्लंडमधील विश्वचषकात तिने एकूण ३८१ धावा केल्या. त्यांत इंग्लंडविरुद्धच्या ८६ व ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या १०६ धावांचा समावेश होता. २३ जुलै रोजी लॉर्ड्‌सवरील अंतिम सामन्यात इंग्लंडच्या २२८ धावांचा पाठलाग करताना तिने हरमनप्रीत कौरसह ९५ धावांची भर घातली. पूनम ८६ धावांवर पायचीत झाली, तेव्हा भारताच्या ४ बाद १९१ धावा झाल्या होत्या. त्यानंतरचे सहा गडी केवळ २८ धावांत बाद झाले व भारत ९ धावांनी पराभूत झाला. अन्या श्रबसोलने ४६ धावांत ६ बळी घेतले. या पराभवानेच भारतात महिला क्रिकेटकडे जनसामान्यांचे लक्ष प्रथम मोठ्या प्रमाणावर वेधले गेले.

मार्च २०२१ मध्ये लखनौ येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या पाच एकदिवसीय सामन्यांत तिने २६३ धावा काढल्या; चौथ्या सामन्यातील नाबाद १०४ धावांनंतरही भारत हरला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील करारा येथे प्रकाशझोतातील कसोटीत, ३६ धावांवर असताना पंचाने बाद दिलेले नसतानाही चेंडू बॅटला लागून यष्टिरक्षकाकडे गेल्याचे मान्य करून ती स्वतःहून तंबूत परतली. २०२२ च्या विश्वचषकासाठी तिची निवड झाली नाही. वेगवान धावगतीचा आग्रह तोवर वाढला होता.

तिच्या नावावर ७३ एकदिवसीय सामन्यांत २,२९९ धावा व तीन शतके आहेत. पुरुषांइतके सामना-मानधन (२०२२), महिला प्रीमियर लीग (२०२३) व नवी मुंबईत जिंकलेला विश्वचषक (२०२५) हे लाभ नंतरच्या पिढीस मिळाले. त्यांचा पाया घालणाऱ्या खेळाडूंत पूनमची गणना करणे उचित ठरते.