नदी, बंधारा आणि आबा

आपल्या सोसायटीच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताला, नोटीस बोर्डाच्या खाली, काचेची एक पेटी ठेवलेली आहे. मेन्टेनन्सचा चेक द्यायला येणारे बरेच जण विचारतात, "हे धरण कुठलं?" ते धरण नाही. इटलीतल्या सेनिओ नदीचा तो बंधारा आहे आणि त्यात दाखवलेली वेळ ९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ आहे. आपल्या सोसायटीच्या पोरांनी आणि मी मिळून तो दोन वर्षांत उभा केला. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा सेक्रेटरींचा आग्रह झाला, तेव्हा म्हटलं या पेटीचाच इतिहास लिहावा. पस्तीस वर्षं बँकेत लेजर लिहिली. त्यामुळे लेखन रुक्ष वाटलं तर सांभाळून घ्यावं.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करावी लागेल. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. गाव सातारा जिल्ह्यातलं. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत होते, इटलीत लढले आणि १९४६ साली घरी परतले. पुढे जन्मभर शेती केली. युद्धाबद्दल ते बोलत नसत. दिवाळीत फटाके वाजायला लागले की खळ्यावर जाऊन झोपत. एवढंच आम्हाला ठाऊक.

मात्र जेवायला बसलं की ते कधीकधी "मांजारे, मांजारे" म्हणत. आम्हाला वाटे ते मांजरांना बोलावताहेत, म्हणून आम्ही भावंडं मांजर शोधायला उठायचो आणि आई रागवायची. इटालियन भाषेत 'मांजारे' म्हणजे जेवणं, खाणं, हे मला कळलं ते रिटायर झाल्यावर, टीव्हीवरच्या एका स्वयंपाकाच्या कार्यक्रमात. तेव्हा आबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. हसू आलं आणि मग घास घशात अडकला.

दुसरी आठवण किल्ल्याची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केला होता. आबा कधी बघायलाही येत नसत, पण त्या दिवशी येऊन उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. मग काडीने तटाच्या मागच्या बाजूला भोकं पाडली आणि म्हणाले, "माणसं वर उभी नसतात रे. तटाच्या पोटात असतात." मी विचारलं, "मग शत्रूला दिसणार कशी?" त्यावर एवढंच म्हणाले, "नाही दिसत. तेच तर." आणि उठून गेले. माझा किल्ला बिघडवला म्हणून मी रडलो होतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आबांची लोखंडी ट्रंक माझ्याकडे आली ती गावाकडच्या घराची वाटणी झाली तेव्हा. तीत डिस्चार्जचा कागद होता आणि तीन पदकं. एका पदकाची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशा पट्ट्यांची. हा 'इटली स्टार'. कागदावर बटालियनचं नाव होतं: पहिली बटालियन, ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री. बँकेतल्या माणसाला व्हाउचर सापडलं की तो एंट्री शोधणारच. मी वाचनालयं पालथी घालायला लागलो.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात तो फारसा येत नाही.

ही पलटण ८व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. सप्टेंबर १९४३ मध्ये ही डिव्हिजन इटलीच्या दक्षिण टोकाला, टारान्टोला उतरली आणि नद्यांमागून नद्या ओलांडत उत्तरेकडे सरकत गेली. तिच्याखेरीज ४थी आणि १०वी भारतीय डिव्हिजनही इटलीत लढली. सगळे मिळून पन्नास हजार भारतीय सैनिक तिथे होते. त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले ६ भारतीयांना. त्या सहांतले दोघे आपल्या मातीतले. एक नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, तेव्हा त्यांनी एकट्याने शत्रूचं मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच प्राण सोडला. दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ते आबांच्याच बटालियनमधले.

१९४५ च्या वसंतात जर्मन सैन्य सेनिओ नदीच्या काठी दबा धरून होतं. तो मुलूख सपाट आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांचं पाणी शेतात शिरू नये म्हणून दोन्ही काठांना पूर्वीपासून मातीचे उंच बंधारे घातलेले आहेत. नदी म्हणाल तर लहान, पण बंधारे वीस ते तीस फूट उंच आणि घसरडे. जर्मनांनी ते आतून पोखरून बोगदे आणि खंदक केले होते. वरून बॉम्ब पडले तरी आतला माणूस शाबूत राही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तटाच्या पोटात असतात माणसं! आबांनी माझा किल्ला बिघडवला नव्हता, दुरुस्त केला होता. आणि हे समजायला मला पन्नास वर्षांहून जास्त काळ लागला.

९ एप्रिलला दुपारी शेकडो विमानांनी बॉम्बफेक केली, मग तोफा सुरू झाल्या, आगीचे लोळ फेकणारी वाहनं आली आणि संध्याकाळी पायदळ पुढे सरकलं. जाधव कंपनीचे निरोप्ये होते. नदीत चार-पाच फूट पाणी. त्यातून बाहेर पडताच मशीनगनचा मारा सुरू झाला. त्यांच्या सोबतचे मारले गेले किंवा जखमी झाले. जाधवांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या उतारावरून सुरक्षित जागी नेलं. पुन्हा येऊन दुसऱ्याला नेलं. तिसऱ्यांदा ते मशीनगनवर चालून गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बने आणखी दोन ठाणी उद्ध्वस्त केली. मग भडिमार चालू असताना बंधाऱ्याच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना हात करून बोलावलं. त्याच नदीवर, त्याच दिवशी, ८व्या डिव्हिजनमधल्याच अली हैदर या पठाण शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे हैदर पाकिस्तानात गेले. २ मे रोजी इटलीतल्या जर्मन सैन्याने शरणागती पत्करली.

त्या संध्याकाळी आबा कुठे होते? बटालियन तीच, पण कंपनी कोणती, ते कागदावर नाही. ही एंट्री काही टॅली झाली नाही.

आता पेटीकडे वळतो. दर दिवाळीला बी विंगच्या मागे आपली मुलं किल्ला करतात. एका वर्षी त्यांना म्हटलं, यंदा परदेशातला किल्ला करू या का? मुलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजोबा, मग महाराज कुठे बसवायचे?" मी रणगर्जनेची गोष्ट सांगितली. मराठा पलटणीची गर्जना म्हणजे शिवाजी महाराजांचाच जयजयकार. मुलं खूश झाली. त्या वर्षी मातीचा बंधारा केला, वर अळीव पेरले आणि चौथ्या दिवशी तो हिरवागार झाला. एप्रिलमधलं इटली असंच हिरवं असणार. पण दिवाळीनंतर आलेल्या अवकाळी पावसाने नदी खरी झाली आणि बंधारा वाहून गेला. तेव्हा ठरलं की कायमचा करायचा.

प्रमाण घेतलं १:७२. म्हणजे बहात्तर इंचांचा एक इंच. साडेपाच फुटी माणूस एक इंचाहूनही थोडा कमी भरतो आणि पंचवीस फुटांचा बंधारा सव्वाचार इंचांच्या आसपास. हिशेब कागदावर केला होता, पण प्लॅस्टिकचा एक शिपाई बंधाऱ्याच्या पायथ्याशी उभा केला आणि सगळे गप्प झालो. माणसाच्या साडेचारपट उंच भिंत आणि मागे छातीपर्यंत पाणी. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, हा चढणार कसा?" पुस्तकात पंचवीस फूट वाचणं वेगळं आणि असं बघणं वेगळं.

चुका भरपूर केल्या. पहिला बंधारा थर्माकोलचा केला, त्यावर स्प्रे पेंट मारला आणि पाच मिनिटांत तो विरघळून त्याची चाळण झाली. दुसरा पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा. गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. बाजारातले खेळण्यातले शिपाई आजच्या धाटणीचे निघाले, म्हणून त्यांचे हात-पाय कापून, एम-सीलने लोखंडी टोप चढवून पुन्हा रंगवले. नदी रेझिनची. बंधाऱ्याच्या मागच्या उतारावरची भोकं मात्र मी कोणाला करू दिली नाहीत. ती मी केली, काडीने.

पेटी ऑफिसात ठेवण्याचा विषय मीटिंगमध्ये निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला. म्हणाले, "इंग्रजांच्या पगारी फौजेचं स्मारक कशाला? तेव्हा गांधीजी तुरुंगात होते, सुभाषबाबू आझाद हिंद सेना उभी करत होते." मला राग आला होता, पण घरी जाऊन विचार केला तर त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. युद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्यात पंचवीस लाख माणसं होती, आणि ती सक्तीने भरती केलेली नव्हती. पण 'स्वखुशीने' हा शब्दही जपून वापरावा लागतो. आमची जमीन गहाण होती, असं आजी सांगायची. आबा इंग्रजांच्या प्रेमाने गेले नाहीत, सावकाराच्या भीतीने गेले. तिथे पोचल्यावर मात्र समोर हिटलरचं सैन्य होतं आणि शेजारी गावाकडचाच माणूस पाण्यात पडलेला होता. त्या क्षणी जाधवांनी काय केलं ते वर सांगितलंच आहे. पुढच्या मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणालो, की या पेटीत कोणताही झेंडा नाही, पाहून घ्या. त्या सभासदांनी येऊन चष्मा लावून पेटी पाहिली. नंतर भुशाचा रंग उडाला तेव्हा नवा रंग त्यांनीच आणून दिला.

इटलीतल्या लोकांनी मात्र आठवण ठेवली आहे. फोर्ली गावाजवळ भारतीय सैनिकांचं स्मशानस्थान आहे. ज्यांचं दहन झालं त्यांची नावंही तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. मोंटोने गावात २०२३ साली यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. कोकणातल्या तरुणासाठी इटलीतलं एक गाव सावलीवर वेळ मोजतं आहे. आणि आमच्या घरात आम्ही मांजरं शोधत बसलो होतो.

पेटीत एकूण एकोणीस शिपाई आहेत. माथ्यावर हात उंचावलेले जाधव आहेत, त्यांच्या नावाची चिठ्ठी आहे. बाकीच्यांना नावं नाहीत. नदीच्या मध्यावर, छातीइतक्या पाण्यात, आपल्याकडे पाठ केलेला एक शिपाई आहे. तो माझ्या हातचा आहे. तो तिथे होता याचा पुरावा माझ्यापाशी नाही, म्हणून चिठ्ठी लावलेली नाही. मुलांनी महाराजांची मूर्ती पेटीच्या बाहेर, वरच्या फळीवर ठेवली आहे. तिथून सगळा बंधारा दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या तीन विंगमध्ये चौऱ्याऐंशी कुटुंबं आहेत. कोणाच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल, कोणाचे आजोबा ब्रह्मदेशात, आफ्रिकेत, गोदीत, कारखान्यात असतील. कागद असतील तर जपा आणि घरातलं वडीलधारं माणूस असेल तर आजच विचारा. त्यांनी एखादा विचित्र शब्द उच्चारला तर हसून सोडून देऊ नका, लिहून ठेवा. मी विचारलं नाही. आबा त्या दिवशी किल्ल्यापाशी उकिडवे बसले होते, तेव्हा मी रडायच्या ऐवजी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता.

पेटी रोज सकाळी दहा ते बारा बघायला मिळते. काचेवर हात लावू नये, ही विनंती.