इंजिनाचा हॉर्न रस्त्यावरच्या खांबावर लावला तर?

रेल्वे रुळांजवळ राहणाऱ्यांना विचारा, रात्री दोनचा हॉर्न म्हणजे काय असतं. गंमत अशी, की तो हॉर्न त्यांच्यासाठी नसतोच. तो असतो फाटकाकडे येणाऱ्या ट्रकवाल्यासाठी, कारवाल्यासाठी. म्हणजे ज्याने ऐकायचं तो काचा बंद करून, एसी आणि गाणी लावून बसलाय, आणि ज्यांचा काही संबंध नाही ते अंथरुणात उठून बसलेत.

अमेरिकेत यावर एक तोडगा निघाला. हॉर्न इंजिनावर न वाजवता फाटकाजवळच्या खांबावर बसवायचा आणि त्याचं तोंड रस्त्याकडे करायचं. याला तिकडे ‘वेसाइड हॉर्न’ म्हणतात.

हॉर्न सरळ बंदच का नाही करत?

करून पाहिलंय. 1984 मध्ये फ्लोरिडा राज्याने स्थानिक प्रशासनांना रात्रीच्या हॉर्नवर बंदी घालायची मुभा दिली. फाटक, लाल दिवे आणि घंटा असलेल्या क्रॉसिंगवर हॉर्न कशाला, असा विचार होता. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेच्या मार्गावर अनेक ठिकाणी ही बंदी लागू झाली. पुढे फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी यंत्रणेने आकडे तपासले, तेव्हा बंदी असलेल्या क्रॉसिंगवर रात्रीच्या अपघातांचं प्रमाण 195 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. म्हणजे जवळपास तिप्पट. 1991 मध्ये आणीबाणीचा आदेश काढून हॉर्न पुन्हा सुरू करावे लागले आणि अपघात झपाट्याने खाली आले.

फाटक होतं, दिवे होते, घंटाही होती. तरी हॉर्न गेल्यावर फरक पडला. त्यामुळे आवाज हवाच, हे ठरलं. प्रश्न उरला तो आवाज जातो कुणाकडे याचा.

इंजिनाचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येतो किती?

अमेरिकेच्या 2005 पासूनच्या नियमानुसार क्रॉसिंगवर पोहोचण्याच्या 15 ते 20 सेकंद आधीपासून हॉर्न वाजवावा लागतो. इंजिनासमोर 100 फुटांवर, म्हणजे साधारण 30 मीटरवर, त्याचा आवाज किमान 96 आणि कमाल 110 डेसिबल हवा.

आता थोडं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. ताशी 60 किलोमीटरने येणारी ट्रेन 15 सेकंद आधी क्रॉसिंगपासून 250 मीटरवर असते. 30 मीटरवरचे 96 डेसिबल तिथून येईपर्यंत 78 च्या आसपास राहतात. बंद काचा त्यातले आणखी वीस-तीस खातात. उरतो तो आवाज टायरच्या घरघरीत आणि गाण्यात बुडून जातो.

म्हणजे ब्रेक मारायला वेळ असतो तेव्हा हॉर्न सर्वात क्षीण असतो, आणि तो कानठळ्या बसवतो तेव्हा वेळ संपलेली असते. रुळांलगतच्या घरांना मात्र त्या अख्ख्या पाव किलोमीटरभर पूर्ण ताकदीचा आवाज मिळतो. (अंदाज यावा म्हणून सांगते: आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे.)

मग खांब काय करतो?

ट्रेन जवळ आल्याचा जो सिग्नल फाटक पाडतो, त्याच सिग्नलवर खांबावरचा भोंगा वाजू लागतो. आवाज इंजिनाच्या हॉर्नसारखाच, ट्रेन पोहोचण्याच्या किमान 15 सेकंद आधीपासून. रुळांपासून 100 फुटांवर तो किमान 92 डेसिबल असावा लागतो. इंजिनापेक्षा कमी वाटतो ना? पण हा भोंगा जागचा हलत नाही. ड्रायव्हर क्रॉसिंगपासून 60 मीटरवर असेल तर त्याला पहिल्या सेकंदापासूनच 86 डेसिबल मिळतात, 78 नाहीत. रुळांच्या कडेने पसरणारा आवाज मात्र जवळपास निघून जातो.

मला यातली सर्वात शहाणी गोष्ट वाटते ती वेगळीच. भोंगा नीट चालू आहे की नाही, हे इंजिन ड्रायव्हरला कळेल अशी खूण फाटकाजवळ असावी लागते. खूण दिसली नाही, तर त्याने इंजिनाचा हॉर्न वाजवायचा. यंत्र बिघडलं तर गावाची झोप मोडेल, पण इशारा चुकणार नाही.

सगळं सुटलं का?

नाही. आवाज काही टॉर्चच्या झोतासारखा सरळ जात नाही. 300 हर्ट्झच्या आवाजाची लहर मीटरभर लांब असते आणि तिला एका दिशेला बांधायचं तर भोंग्याचं तोंडही तेवढंच मोठं लागतं. त्यामुळे खालच्या पट्टीतला आवाज आजूबाजूला पसरतोच. रस्त्याच्या तोंडावरची घरं तर थेट माऱ्यात येतात. शिवाय आवाज खांबातून येत असल्याने ट्रेन डावीकडून येतेय की उजवीकडून, हे कानांना कळत नाही.

आपल्याकडे काय?

भारतात रुळांलगत ‘सी/फा’ लिहिलेला पिवळा फलक पाहिला असेल. सीटी वाजव, पुढे फाटक आहे, असा त्याचा अर्थ. पण ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं 2019 च्या जानेवारीपर्यंत संपली. आता फाटकावर गेटमन असतो, त्यामुळे सगळी भिस्त हॉर्नवर नाही.

खांबावरच्या हॉर्नची कल्पना आपल्याकडे दिसली ती घाटात. 2017 मध्ये जम्मू-श्रीनगर महामार्गावर हिंदुस्तान पेट्रोलियमच्या वंगण विभागाने आणि लिओ बर्नेट या जाहिरात कंपनीने आंधळ्या वळणांवर खांब बसवले. वळणाच्या दोन्ही टोकांना एकेक खांब. तो येणाऱ्या वाहनाचा वेग टिपतो, पलीकडच्या खांबाला बिनतारी कळवतो आणि समोरच्याला हॉर्न देतो. जाहिरातीचा भाग त्यात होताच. पण घाटात प्रत्येक वळणावर सवयीने दाबला जाणारा हॉर्न आठवा. समोर कुणी नसलं तरी तो वाजतोच. खांब वाजतो तो कुणी येत असेल तेव्हाच.