ल्युइस्टनची लढत

आमच्या गावातील एका केशकर्तनालयात आरशाच्या वर एक चित्र लावलेले आहे. एक उंचापुरा तरुण मुष्टियोद्धा उजवा हात छातीवर आडवा आवळून ओरडत उभा आहे आणि त्याच्या पायाशी दुसरा योद्धा उताणा पडला आहे. महंमद अलीचे हे चित्र ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळाच. परंतु ते कोठे घेतले, असे मी वर्गात विचारले तेव्हा कोणी न्यूयॉर्क म्हणाला, कोणी शिकागो. खरे उत्तर ल्युइस्टन असे आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. त्यातील अँड्रॉस्कॉगिन नदीकाठचे, त्या काळी सुमारे ४१ हजार वस्तीचे हे गिरणगाव. हेवीवेट गटाच्या जगज्जेतेपदाची लढत अशा आडगावी का व्हावी?

लढत मुळात बोस्टनला व्हावयाची होती. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे २२ वर्षांच्या कॅशियस क्लेने सनी लिस्टन या बलाढ्य जगज्जेत्याला हरविले. लगेच त्याने आपण 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेचे असल्याचे जाहीर केले आणि मार्चमध्ये महंमद अली हे नाव धारण केले. (या संघटनेची शिकवण सर्वसाधारण मुसलमानांच्या श्रद्धेहून बरीच निराळी होती. अली सुन्नी पंथाकडे वळला तो १९७५ नंतर.) दुसरी लढत १६ नोव्हेंबर १९६४ ला ठरली होती. परंतु तीन दिवस अगोदर अलीवर हर्नियाची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि तारीख २५ मे १९६५ वर गेली. मधल्या काळात, २१ फेब्रुवारी १९६५ रोजी, माल्कम एक्स यांचा न्यूयॉर्कमध्ये खून झाला. ते अलीचे एकेकाळचे मित्र, पण संघटनेशी फारकत घेतलेले. आता सूड घेतला जाणार अशा अफवा उठल्या. त्यातच आयोजकांच्या परवान्यावरून बोस्टनच्या सरकारी वकिलांनी हरकत घेतली. हाती तीन आठवडेही उरले नसताना लढत बेघर झाली!

मेनचे गव्हर्नर जॉन रीड यांनी तिला आपल्या राज्यात जागा दिली. जागा कोणती, तर ल्युइस्टनच्या सेंट डॉमिनिक्स हायस्कूलची मुले जेथे आइस हॉकी खेळत ते क्रीडागृह. शाळेच्या मुलांच्या मैदानावर जगज्जेतेपदाचा निकाल, हे वाचून मला शिक्षक म्हणून उगाच बरे वाटले.

त्या रात्री दारावर पोलीस प्रेक्षकांच्या पिशव्या तपासत होते. आत आले अवघे २,४३४ लोक. अर्ध्याहून अधिक क्रीडागृह रिकामे. गायक रॉबर्ट गुले राष्ट्रगीताच्या शब्दांतच अडखळला. पुढे पहिल्याच फेरीत, लोक अजून आसने शोधत असताना, अलीचा एक आखूड उजवा ठोसा बसला आणि लिस्टन खाली गेला. नियमाप्रमाणे अलीने तटस्थ कोपऱ्यात जावयाचे, तो जाईना. लिस्टनवर ओणवून, ऊठ आणि लढ, असे तो ओरडत राहिला. पंच होते जर्सी जो वॉलकॉट, स्वतः माजी जगज्जेते. ते अलीला आवरण्यात गुंतले आणि आकडे मोजण्याचे राहून गेले. लिस्टन उठला, दोघे पुन्हा लढू लागले. तेवढ्यात रिंगणाजवळ बसलेले 'द रिंग' मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर यांनी दहा आकडे केव्हाच संपल्याचे ओरडून सांगितले. वॉलकॉट लढणाऱ्यांना सोडून त्यांच्याकडे गेले आणि परत येऊन त्यांनी लढत थांबविली. वेळ आधी एक मिनिट सांगितली गेली, नंतर २ मिनिटे १२ सेकंद ठरली. 'लबाडी, लबाडी' असा गलका झाला. लिस्टन मुद्दाम पडला असे पुष्कळ जण म्हणत आले आहेत, पुरावा कोणी दिला नाही. ठोसा लागल्याचे चित्रफितीत दिसते. मला विचाराल तर खरा गोंधळ मोजणीचा होता.

छायाचित्रकार नील लायफर तेव्हा २२ वर्षांचा होता. चित्रात अलीच्या पायांमधून पलीकडच्या बाजूला बसलेला दुसरा छायाचित्रकार दिसतो. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. बसण्याच्या जागेने केवढा फरक पडतो पाहा.

या चित्रात ऐकू न येणारी गोष्ट म्हणजे नाव. जिंकूनही अनेक वृत्तपत्रे त्याला पुढे कित्येक वर्षे क्लेच म्हणत राहिली. क्ले हे आपले गुलामीतले नाव, असे तो सांगे. ते कोणी कानांवर घेईना. नाव नीट उच्चारणे ही लहान बाब नाही, हे हजेरी घेणाऱ्याला कळते. माझ्या हजेरीपटावर एकाच मुबारक नावाची महंमद, मोहम्मद, मुहम्मद अशी तीन रूपे आहेत. एका मुलाच्या दाखल्यावर एक आणि परीक्षेच्या अर्जावर दुसरे पडले, तर पालकांना रोजगार बुडवून तीन खेटे घालावे लागले. आणि चित्रात खाली पडलेला लिस्टन? त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. मुष्टियुद्ध तो मिसूरीच्या तुरुंगात शिकला. त्याच्या जन्माची नोंदच नव्हती, म्हणून जानेवारी १९७१ मध्ये तो घरी मृतावस्थेत सापडला तेव्हा वय किती लिहावे हेही कोणाला नक्की ठाऊक नव्हते. त्या चित्राकडे पाहताना माझे लक्ष हल्ली त्याच्याकडेच अधिक जाते.

ल्युइस्टनलाही परकेपण नवे नव्हते. येथील कापड गिरण्यांत कॅनडाच्या क्विबेकमधून आलेले फ्रेंच भाषक कॅथलिक कामगार राबले. १९१९ मध्ये मेनने शाळांत इंग्रजीतूनच शिकविण्याचा कायदा केला आणि पुढच्या दशकात कू क्लक्स क्लॅनने तेथे कॅथलिकांविरुद्ध मोर्चे काढले. नंतर गिरण्या मंदावल्या. २००१ पासून सोमालियाचे निर्वासित, बहुतेक मुसलमान, गावात राहावयास आले. २००२ मध्ये महापौरांनी जाहीर पत्र लिहून, आपल्या आणखी बांधवांना इकडे येऊ देऊ नका, असे त्यांना सांगितले. जानेवारी २००३ मध्ये वर्णद्वेष्ट्यांनी तेथे सभा भरविली, तिला काही डझन लोक आले. त्याच दिवशी बेट्स कॉलेजात निर्वासितांच्या बाजूने हजारो लोक जमले. २०१५ मध्ये, म्हणजे त्या लढतीला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, ल्युइस्टन हायस्कूलच्या मुलांनी फुटबॉलचे राज्य अजिंक्यपद प्रथमच जिंकले. संघातील बरीच मुले निर्वासित कुटुंबांतील होती.

अली ३ जून २०१६ रोजी अल्लाहला प्यारा झाला. ज्या गावात त्या रात्री लबाडीचा गलका झाला होता, तेथे साठ वर्षांनी, २०२५ साली, त्याचा पुतळा उभा राहिला. ते क्रीडागृहही अजून उभे आहे.