तीन भाकरींचा घाट

मोबाइल चाचपू नका. भारतात तो पहिल्यांदा वाजायला अजून दहाएक वर्षं आहेत. साल १९८५च्या आसपासचं, थंडीचे दिवस. पनवेल मागे पडलंय, नुकतं उजाडलंय, आणि मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या घोळक्यात तुम्ही शेवटून चौथे-पाचवे आहात. पुढच्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक यांत वीतभर अंतर. ते वाढू द्यायचं नाही. पुढचा माणूस वारा कापतोय आणि त्याच्या आडोशाला तुमची पाव ते एक तृतीयांश ताकद वाचतेय. म्हणून तर रेल्वे आणि सेनादलाच्या पोरांबरोबर, ज्यांचं पोट सायकलवर चालतं त्यांच्याबरोबर, तुमच्यासारखा बँकेतला माणूस इथवर टिकलाय. उद्या सोमवार आहे. साडेदहाला काउंटरवर बसायचंय, हे पायांना अजून सांगू नका.

डोक्यावर चामडी पट्ट्यांची टोपी आहे. पडलात तर ती डोकं कितपत वाचवेल याचा विचार आज इथे कुणीच करत नाही. पाठीवरच्या खिशात दोन केळी, गूळ-शेंगदाणे आणि पंक्चरचं सामान. खाली देशी रेसर, वजन सोळाएक किलो. गिअर नाहीत. पुढे अठ्ठेचाळीस दाते, मागे अठरा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या वर जाते. सपाटीला झकास, घाटात काय होईल ते थोड्याच वेळात कळेल. परवा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे जाऊन तुम्ही म्हणालात, ‘काका, पुढच्या चाकाचा आउट काढून द्या.’ काकांनी सायकल उलटी केली, चाक गरागरा फिरवलं आणि रिमच्या अगदी जवळ खडू धरला. जिथे खडूची रेघ उमटली तिथला एक स्पोक आवळला, समोरचा सैल केला, पुन्हा फिरवलं. अर्धा तास हेच. शेवटी खडू कुठेच टेकेना. पैसे घेताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘घाट चढणार याच्यावर?’ आणि उत्तराची वाट न बघता पुढची सायकल ओढली.

चौक, खालापूर. एक हिरवी-पांढरी एशियाड भोंगा वाजवत शेजारून जाते. खिडकीतून कुणीतरी हात हलवतं. १९८२च्या एशियाई खेळांसाठी दिल्लीत आणलेल्या गाड्या पुढे एस.टी.कडे आल्या आणि खेळांचं नावच गाडीला चिकटलं. खोपोलीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत, पोरं ओरडताहेत, कुणीतरी तुमच्या मानेवर तांब्याभर पाणी ओततं. ते बर्फासारखं लागतं आणि तरी बरं वाटतं.

मग रस्ता वर उचलतो आणि पाचशे मीटरच्या आत घोळका फुटतो.

याचं कारण साधं आहे. सपाटीवर तुमचं भांडण वाऱ्याशी असतं आणि वारा कुणाच्या तरी पाठीमागे लपून चुकवता येतो. चढावर वेग उतरला की वाऱ्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. उरतं ते स्वतःचं वजन, आणि ते उचलायला पुढच्याची पाठ कामाची नाही. खोपोली ते खंडाळा उंचीचा फरक साधारण पाचशे मीटरचा. तुम्ही पासष्ट किलो, सायकल सोळा. एवढं ओझं तेवढं वर न्यायचं तर शरीराला चारशेच्या आसपास कॅलरी जाळाव्या लागतात, कारण खाल्लेल्यापैकी जेमतेम पाव भागाचंच काम होतं, बाकीची नुसती उष्णता. चारशे कॅलरी म्हणजे मध्यम आकाराच्या तीन भाकरी. बोरघाट म्हणजे एवढंच: तीन भाकरी. त्या पोटात असतील आणि तुम्ही त्या घाईने उधळल्या नाहीत, तर कुणीही घाट चढतो. मी मी म्हणणारे अर्ध्यावर बसतात ते ताकद कमी पडते म्हणून बसत नाहीत. पहिल्या वळणावर दोन भाकरी संपवून बसलेले असतात.

तुम्हीही आत्ता तेच करताय. गिअरवाले पायडलच्या फेऱ्याला पावणेचार मीटर घेत टकाटक निघून गेले, आणि तुम्ही त्यांच्या नादाने उठून, हँडल ओढत, खांदे डावी-उजवीकडे हलवत चढताय. दंड भरून आलेत. हात सायकल चढवत नाहीत हो! हाताने नुसतं धरायचं असतं. बसा. बोटं सैल सोडा. रस्ता रिकामा मिळेल तिथे जरा नागमोडी जा, चढ तेवढाच सौम्य होतो. श्वास पायडलला बांधा. हां, आता.

डाव्या हाताला एक पद्मिनी बॉनेट उघडून वाफा सोडत उभी आहे आणि तिचा मालक डब्याने रेडिएटरमध्ये पाणी ओततोय. दरीपलीकडे रेल्वेचा घरघराट ऐकू येतो. १८६३ साली सुरू झालेली ती वाट सदतीस फुटांना एक फूट अशी चढते, म्हणून कर्जतला प्रत्येक गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. बँकेतल्या माणसाला मागून रेटणारं मात्र कुणी नाही. ती रेल्वेवाट बांधताना हजारोंनी मजूर मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच काळात गेला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम पुढे नेलं. मला विचाराल तर घाटाचा पहिला किताब तिला द्यायला हवा होता.

शिंग्रोबाचं देऊळ आलं. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं. वाट दाखवल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितलं आणि त्यांनी त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका. ट्रकवाले न थांबता इथे नाणं टाकतात. तुम्हीही खिशाकडे हात नेता, पण एका हाताने सायकल वाकडी होते. नमस्कार मनातच करा, शिंग्रोबा समजून घेईल.

माथ्याजवळ अमृतांजन पूल. १८३० साली घाटरस्ता झाला तेव्हाचा. नाव पडलं ते औषधाच्या जाहिरातफलकामुळे. पुढे खंडाळ्याला गर्दी, शिट्ट्या, आणि एका नावाचा गजर. तो पोरगा केव्हाच निघून गेलाय, पण घाट सगळ्यांत आधी तो चढला, म्हणजे आज तो ‘घाटाचा राजा’. या किताबाची गंमत अशी की राजा पुण्यात पहिला येईलच असं नसतं. लोणावळ्यापासून पुणं साठ-पासष्ट किलोमीटर, बहुतेक उतार आणि सपाटी. एकटा पुढे गेलेला वाऱ्याला एकटाच तोंड देतो आणि मागून आठ-दहा जणांची टोळी आळीपाळीने वारा कापत त्याला गाठते. तरी वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी राहतं ते राजाचं नाव. मला हे योग्य वाटतं.

पुढच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड. तुम्ही पोचता तेव्हा मांडव उतरवायला सुरुवात झालेली असते. कुणीतरी चहा देतं.

आता पुढचा रविवार. तुम्ही पुन्हा खंडाळ्यालाच, पायात हंटर बूट, खांद्यावर नायलॉनच्या दोराचं वेटोळं. शर्यतीत वर मान करायला सवड नव्हती. आज समोर नागफणीचा सुळका सरळ दिसतोय. साहेबाला त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, आपल्या लोकांना फणा काढलेला नाग. कुरवंड्याच्या बाजूने चालत गेलं तर तासाभरात माथ्यावरच्या महादेवापाशी पोचता येतं, पण गिर्यारोहण क्लबातल्या मित्रांना कातळाकडून जायचंय. खाली चावणीचं खोरं. फेब्रुवारी १६६१मध्ये मुघल सरदार कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने फौज घेऊन याच खोऱ्यात उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडलं. त्याच्याच फौजेतली सरदार रायबागन बरोबर होती, तिच्या सल्ल्याने खान शरण आला. घाटात ओझं किती न्यावं, हे खानाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पुढचा गडी पंधरा फूट वर गेलाय. फटीत पिटॉन ठोकतोय. आवाज आधी बसका येतो, मग लोखंड आत शिरत जाईल तसा सुरात चढतो. सूर चढला की पिटॉन पक्का. त्या पिटॉनच्या वर तो पंधरा फूट गेला आणि हात सुटला, तर पडणार तीस फूट, कारण दोर वर जेवढा गेलाय तेवढाच खालीही जातो. त्याच्या दोराचं टोक तुमच्या कमरेभोवतून गेलंय. तेव्हा खोरं नंतर बघा.

तुमची पाळी. सह्याद्रीचा कातळ थराथरांचा, पायऱ्या आयत्या देतो आणि फसवतोही; टप्प्यावरचं वाळलेलं गवत मुळासकट हातात येतं. दहा फुटांवर तुम्ही दोन्ही हातांनी पकड आवळता, कातळाला छाती चिकटवता आणि अंग वर ओढायला लागता. घाटात केलंत तेच. मनगटापासून कोपरापर्यंत हात टणक होतो, कारण आवळलेल्या स्नायूत रक्त फिरत नाही. बोटं आपोआप उघडू बघतात. त्यात उजवी पोटरी, गेल्या रविवारची दमलेली, थडथड उडायला लागते. मंडळी याला शिलाई मशीन म्हणतात.

वरून ओरडा येतो, ‘अरे, ओढतोस काय असा! पायावर उभा राहा! टाच खाली घे!’

टाच खाली गेल्याबरोबर मशीन बंद पडतं. छाती कातळापासून सुटते, वजन बुटावर येतं, आणि आत्तापर्यंत न दिसलेली डाव्या गुडघ्याजवळची खाच दिसते. एक हात खाली लोंबकळू द्या, झटका. मग दुसरा. इथे घड्याळ लावून कुणी बसलेलं नाही. शर्यतीपेक्षा प्रस्तरारोहण हौशी माणसाला जास्त मानवतं, असं माझं मत होत चाललंय ते यासाठीच: कातळावर शेवटी येणाऱ्याला मांडव उतरलेला सापडत नाही. त्याच्यासाठी वर कुणीतरी दोर धरून बसलेलं असतं.

उतरताना दोर दोन पायांमधून घेऊन, मांडीला वळसा देऊन, छातीवरून विरुद्ध खांद्यावर. दुसरं साधन नाही. कॉलर वर करायला विसरू नका, नाहीतर मानेवर उमटलेला पट्टा सोमवारी काउंटरवर प्रत्येक खातेदाराला समजावून सांगावा लागेल.

बास, परत या. अमृतांजन पूल एप्रिल २०२०मध्ये पाडला. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे, पण खोपोलीहून शिंग्रोबाकडे चढणारा जुना रस्ता आहे तिथेच आहे. ट्रकांची वर्दळ वाढायच्या आत, पहाटेच निघा. नागफणीच्या कातळावर पावसाळ्यात जाऊ नका, एरवीही जाणत्या माणसाशिवाय नको. भाकरी तीन न्या, आणि उतरायचंही आहे, तेव्हा ब्रेकची रबरं आदल्या दिवशीच बदलून घ्या.